कडी बाहेरून होती

पूल ओलांडून दोघी निम्म्या वाटेवर आल्या, तेव्हा काकू पहिल्यांदा थांबली. दम लागला म्हणून नव्हे, बोलायचं होतं म्हणून. चालता चालता बोललेलं वाऱ्यावर जातं असं तिचं मत. आणि आज वारा असा सुटला होता की बोलणंच काय, नाकातला श्वासही ओढून नेत होता.

"बस का आली नाही म्हणालीस?"

"थंडीमुळे इंजिन सुरू होईना म्हणे," पुतणी म्हणाली.

"आणि काल नळाला पाणी नव्हतं ते?"

"थंडीमुळे. पाइप गोठला."

"दूधवाला?"

"तोही थंडीच म्हणाला."

"बरं आहे," काकू म्हणाली. "थंडी म्हणजे सगळ्या गावाची सासुरवाशीण झाली. जे कुणालाच अंगावर घ्यायचं नाही ते तिच्या डोक्यावर." एवढं बोलून ती पुन्हा चालू लागली.

काकूची चाल अजून धुलाईखान्यातलीच होती. पावलं आखूड, जमीन घट्ट धरून, ओल्या फरशीवर घसरायला नको अशी. आयुष्यभर साबणाच्या पाण्यात उभी राहिलेली बाई कोरड्या रस्त्यावरही तशीच चालते. पुतणी तिच्या डाव्या अंगाने, वारा अडवत चालली होती. ही पुतणी म्हणजे काकूच्या थोरल्या जावेची मुलगी. आई गेली तेव्हा एवढीशी होती, दप्तर पाठीपेक्षा मोठं. वडील त्याआधीच गेलेले. काकूला स्वतःचं मूल नव्हतं. तिनेच हिला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, आणि आता ही शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. यातली आई कुठे संपली आणि काकू कुठे सुरू झाली, ते आता दोघींनाही सांगता आलं नसतं.

निघाल्या होत्या त्या मोठ्या दवाखान्यात. जिथे जुना धुलाईखाना होता तिथे दवाखान्याने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक ऊबखोली बांधली होती. आज तिचं उद्घाटन. जुन्या कामगारांना बोलावलं होतं, पुतणीची आई गेली त्या हिवाळ्याच्या आठवणी सांगायला. कचेरीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा काकू भांडी घासत होती. हात पुसून, फोन कानापासून वितभर लांब धरून ती बोलली.

"आठवणी म्हणजे काय घडी घालून ठेवलेल्या चादरी आहेत का बाई, मागितली की काढून दिली?"

बाई हसल्या. "आजी, तुमच्या जाऊबाईंच्या स्मरणार्थ पाटी लावतोय आम्ही."

"काय लिहिलंय पाटीवर?"

"छान लिहिलंय. तुम्ही या तर खऱ्या."

कुणी छान म्हटलं की काकूला शंका येते. थोरलीबद्दल सगळं गाव इतकी वर्षं एकच वाक्य बोलत आलं होतं: थंडीने गेली बिचारी. दुकानात, लग्नात, रांगेत, जिथे विषय निघे तिथे हेच. बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून काकू ते सोसत आली. पण दगडावर कोरलेलं कुठे जात नाही. थोरली थंडीने गेली असं दगडावर जाऊ द्यायचं नाही, एवढ्या एका कामासाठी ती गरम पायमोज्यांवर पायमोजे चढवून घरातून निघाली होती.

रस्त्यावर माणूस नव्हतं. उभ्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर बसला होता आणि कुणा पोराने त्यावर बोटाने तोंड काढलं होतं, हसरं. चहाच्या दुकानाचं दार अर्धं उघडं होतं आणि आतली वाफ बाहेर येऊन लगेच विरत होती. काकू वाफेकडे बघत पुढे गेली.

"आईला बाहेर बसावं लागलं ते मला माहीत आहे," पुतणी म्हणाली. "दाराची कडी बाहेरून होती म्हणून."

"कडीचं माहीत आहे तुला," काकू म्हणाली. "बाकीचं आज सांगते. ऐक."

धुलाईखाना दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता. त्याला दोन बाजू, ओली आणि सुकी. ओल्या बाजूला हौद, बॉयलर, कपडे उकळायची पातेली. सुक्या बाजूला वाळवणखोली, इस्त्रीची टेबलं आणि घड्या रचायच्या फळ्या. ओल्या बाजूच्या बाईने सुक्या बाजूच्या कशालाही हात लावायचा नाही, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण तो मोडणं म्हणजे देवळात चपला घालून जावं तसं वाटायचं. ओल्या हाताचा एक ठसा लागला की धुतलेली चादर परत हौदात. धाकटी, म्हणजे काकू, ओल्या बाजूला होती. थोरली सुक्या.

दोघींचे स्वभावही तसेच. धाकटीला रडू चटकन यायचं आणि राग त्याहून चटकन. दवाखान्यात तिला ‘वाफ’ म्हणत. झाकण ठेवलंत तर उडवून लावेल, असं नर्सबाई म्हणायच्या. थोरली कोरडी. बोलणं कमी, आणि जे बोलेल ते इस्त्री केलेलं. घरी भांडण झालं की धाकटी खोलीभर फिरून बोलायची आणि थोरली बसून कपड्यांच्या घड्या घालायची. सगळ्या घड्या संपेपर्यंत भांडणही संपलेलं असायचं. सकाळी बॉयलर पेटला की थोरली त्याच्यापुढे क्षणभर हात जोडून उभी राहायची. धाकटी चिडवायची, "लोखंडाच्या पाया पडतेस?" थोरली म्हणायची, "ऊब ज्याने केली त्याच्या पडते. मध्ये लोखंड आलं त्याला मी काय करू."

वाळवणखोलीत भिंतींना लागून वाफेचे नळ फिरवलेले होते आणि मधोमध दोऱ्यांवर चादरी. खिडकी नव्हती. दार जाड लाकडाचं, वाफेने फुगलेलं. कडी घातली नाही तर ते आपोआप कुरकुरत उघडायचं आणि सगळी ऊब बाहेर. ही कडी फक्त बाहेरून होती. आत माणसाने थांबायचंच नाही, मग आतून कडी कशाला, असा दार बसवणाऱ्याचा हिशेब.

त्या वर्षी थंडी पाहुण्यासारखी आली नाही, जप्तीसारखी आली. हौदावर पापुद्रा धरायचा आणि तो लाकडाच्या दांडक्याने फोडूनच काम सुरू व्हायचं. बादलीची लोखंडी दांडी तळहाताला चिकटायची. ओली चादर बाहेर दोरीवर टाकली की पत्र्यासारखी उभी राहायची. विजेच्या तारांखाली सकाळी पाखरं पडलेली असायची, मुठीएवढी, टणक. धाकटीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत साबण गेला की ती दवाखान्याच्या सगळ्या कारभाऱ्यांचा उद्धार करायची.

पण सगळ्यात वाईट अंगणात चालायचं. मोठे डॉक्टर सकाळी फेरीला यायचे, आणि फेरी चालू असताना वॉर्डात नातेवाईक दिसता कामा नये असा नियम होता. म्हणून सगळ्यांना उजाडताच बाहेर काढत. एरवी कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. अंगणात ऊन असायचं, माणसं अंग शेकत बसायची, तेवढ्यात फेरी उरकायची. त्या थंडीत ऊन नव्हतंच. आणि डॉक्टर उशिरा यायला लागले, थंडीमुळे. नातेवाईक मात्र अगदी वेळेवर बाहेर काढले जात. त्याला थंडीची आडकाठी आली नाही.

सुक्या बाजूच्या दारातून अंगण दिसायचं. एका सकाळी थोरली इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली. चादर करपल्याचा वास आला तेव्हा धाकटीने हौदापासून हाक मारली.

"अगं ए ताई, लक्ष कुठे आहे?"

"ती बघ," थोरली म्हणाली.

अंगणात एका बाईने छातीशी बाळ बांधलं होतं. तिची आई आत वॉर्डात होती. बाई बाळाच्या तोंडावर तोंड नेऊन हाऽ हाऽ करत होती, काच पुसायच्या आधी आपण करतो तशी. शेजारी एक म्हातारा सुतार उभा होता, त्याची बायको आत. त्याने आपला मफलर बाळावर टाकला होता आणि स्वतः मान खांद्यांत घालून थरथरत होता. पलीकडे भिंतीला चिकटून आणखी माणसं. कुणी बोलत नव्हतं. बोलायला तोंड उघडावं लागतं.

थोरलीने इस्त्री उभी केली. वाळवणखोलीचं दार उघडलं आणि अंगणाकडे बघून म्हणाली, "आत या. चादरींना हात लावू नका, भिंतीकडेने बसा."

माणसं आली. दार लावायला हवं होतं, नाही तर ना माणसांना ऊब ना चादरी वाळणार. आणि कडी लावायची म्हणजे बाहेर कुणीतरी बसायला हवं. वाफेच्या खोलीत फार वेळ बसवत नाही, जीव घाबरा होतो. आतून थाप पडली की दार उघडायचं, एकाला बाहेर घ्यायचं, दुसऱ्याला आत सोडायचं, परत कडी.

"मी बसते," धाकटी म्हणाली.

"हात बघ तुझे," थोरली म्हणाली. "ओले हात घेऊन बाहेर बसशील तर बोटं उचलून घरी न्यावी लागतील. मी सुक्या बाजूची."

"आपण आळीपाळीने..."

"तू हौद सोडलास तर चादरी कोण धुणार? काम थांबलं की सगळ्यांना कळेल. जा."

आणि थोरली पालथ्या बादलीवर दाराला पाठ लावून बसली. फाटकी म्हणून बाजूला काढलेल्या ब्लँकेटांतलं एक तिने खांद्यावर घेतलं होतं. मधोमध भोक होतं त्याला. धाकटी म्हणाली, "डोकं घाल त्यातून, झगा होईल." थोरली हसली. काकूला ते हसणं अजून दिसतं, कारण थोरली फार हसायची नाही.

असं रोज सुरू झालं. सकाळी अंगण भरलं की खोलीही भरायची. चादरी वेळेवर वाळत होत्या, वॉर्डात वेळेवर जात होत्या, कुणाचं काही अडलं नव्हतं. सुतार दाराकडे निरखून बघायचा. त्याचा धंदाच तो. एक दिवस तो म्हणाला, "बाई, या दाराला आतून एक कडी बसवली की तुम्हाला बाहेर बसायला नको. आमचं आम्ही लावू, आमचं आम्ही काढू. माझ्याकडे आहे एक. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी तो खरंच कडी घेऊन आला, खिशात स्क्रू आणि पेचकस. गुडघे टेकून त्याने दारावर कडी धरून बघितली, आणि नेमका तेव्हाच मुकादम आला.

मुकादमाला सगळे मागून ‘कुलूप’ म्हणत. साबणाच्या वड्यांना कुलूप, चिमट्यांच्या डब्याला कुलूप, आणि बाया हसल्या तर त्यालाही घातलं असतं. माणूस कधी ओरडायचा नाही. हळू बोलायचा, म्हणून जास्त लागायचं.

"काय चाललंय हे?"

"माणसं ऊब घेतायत साहेब," थोरली बसूनच म्हणाली. "चादरी वाळतायत. दोन्ही होतंय."

"कुणाला विचारून?"

"वाफ तर तीच आहे. जास्तीची काही लागत नाही."

"मी वाफेचं विचारत नाही."

सुतार उभा राहिला. "साहेब, एवढी कडी बसवू द्या. चहा थंड व्हायच्या आत होईल."

"दवाखान्याच्या दाराला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही. वरून मंजुरी लागते."

"कडीला?"

"कडीला."

सुताराने कडी खिशात घातली. म्हाताऱ्याची बायको आत होती, तो काय भांडणार.

धाकटी हौदापाशी उभी राहून हे ऐकत होती, हातात पिळलेली चादर. ती म्हणते, त्याला आतली माणसं बाहेर काढायची होती. पण थोरली दाराला पाठ लावून बसली होती आणि उठली नाही. तिला हात धरून उठवायचं तर वॉर्डाच्या खिडक्यांतून लोक बघत होते. आतल्यांना हुसकायची छाती झाली नाही, मग हात जिथे पोचत होता तिथे घातला.

"हे ब्लँकेट कुणाचं?"

"टाकाऊतलं आहे," थोरली म्हणाली.

"टाकाऊ झालं तरी दवाखान्याचं. ब्लँकेट रुग्णांसाठी असतं, कामवाल्यांसाठी नाही. द्या इकडे."

थोरलीने ब्लँकेट काढलं. फेकलं नाही, पुढे ढकललं नाही. बसल्या जागी मांडीवर घेऊन कोपऱ्याला कोपरा जुळवला, भोक आतल्या बाजूला घेतलं, नीट घडी केली आणि त्याच्या हातावर ठेवली. तो ती घडी घेऊन गेला. कपाटात ठेवून कुलूप लावलं. फाटक्या ब्लँकेटाला.

धाकटी धावत गेली आणि आपली शाल तिच्या अंगावर टाकली. पण ओल्या बाजूच्या बाईचं काय कोरडं असणार. वाफेने दमट झालेली शाल वाऱ्यात घटकाभरात कडक झाली, तिचे कोपरे उभे राहिले. थोरलीने ती परत दिली. "तुझ्याच अंगावर सुकव," म्हणाली.

"मग आत ये तू. दे सोडून दार."

"बाळ आत आहे," थोरली म्हणाली.

थंडी संपेपर्यंत ती रोज सकाळी बसली. आधी खोकला, मग ताप. ऊन पडलं त्या दिवशी तिला त्याच दवाखान्यात आणावं लागलं. तिनेच घड्या घातलेल्या चादरीवर निजवलं. अंगावर ब्लँकेट मिळालं, चांगलं जाड. आता ती रुग्ण होती ना.

त्याच ब्लँकेटाखाली ती गेली. भेटायला मुकादम आला होता. मान हलवत, तशाच हळू आवाजात म्हणाला, "थंडी फार वाईट पडली यंदा." ते वाक्य पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं. तिथून ते गावभर झालं.

एवढं सांगून होईपर्यंत दवाखान्याचं उंच धुराडं दिसायला लागलं होतं. पुतणीने नाक पुसलं, ते थंडीनेही असेल.

"ब्लँकेटचं मला कधीच सांगितलं नाहीस."

"काय सांगू. लहान होतीस तेव्हा थंडी पुरे होती. लहान मुलाला वैरी म्हणून माणसापेक्षा थंडी बरी, ती निदान रस्त्यात भेटत नाही. मोठी झालीस तर तू दिवेलागणीला देवापुढे बसून सगळ्यांचं भलं कर म्हणायला लागलीस. त्या सगळ्यांत तोही यायचा. तुझी प्रार्थना कशाला नासवू?"

"अजून म्हणते मी ते."

"म्हण की. कुणाला वगळायचं ते देवाला कळतं."

"मुकादम आहे का अजून?"

"गेला केव्हाच. आपल्या घरात, गादीवर, अंगावर जाडजूड रजई. कुणी म्हटलं नाही की थंडीने गेला."

दवाखान्याच्या अंगणात मांडव होता आणि खुर्च्या. मांडवाबाहेर, भिंतीला लागून, नातेवाईक उभे होते. पिशव्या, डबे, कानाला गुंडाळलेले टॉवेल. फेरी चालू होती म्हणून ते बाहेर होते, आणि पाहुणे यायचे होते म्हणून ऊबखोली बंद होती. काकूने पुतणीकडे बघितलं. पुतणीने खाली.

ऊबखोली देखणी होती. चकचकीत लाकडी दार, त्यात छोटीशी काच, आत गादीच्या खुर्च्या आणि भिंतीला हीटर. जुन्या धुलाईखान्याची एक वीटही कुठे दिसत नव्हती. पाहुणे आले, फीत कापली, पाटीवरचा पडदा सरकला. काकू पुढे गेली आणि बोट अक्षरांखालून फिरवत वाचू लागली. ती वाचायला उशिरा शिकली, पुतणीच्या पुस्तकांवर. म्हणून तिला ओठ हलवावे लागतात. पाटीवर होतं: ‘त्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीने आमच्या एका निष्ठावान सेविकेचा बळी घेतला. तिच्या स्मृतीस ही ऊबखोली अर्पण.’

बळी या शब्दावर बोट थांबलं.

मग दोन शब्द बोला म्हणून तिला माइकसमोर उभं केलं. माइक खाली ओढून ती म्हणाली, "हे लिहिलंय ते खोटं आहे. थंडी मलाही होती. मुकादमाला होती. डॉक्टरांना होती. थंडीने कुणाचा बळी घेतला नाही. माझी जाऊ त्या दाराबाहेर बसायची, आणि तिच्या अंगावरचं ब्लँकेट या दवाखान्याने काढून घेतलं. आतून कडी बसवायला माणूस कडी घेऊन उभा होता, त्याला..."

संचालक तरुण होते, हसतमुख. त्यांनी अलगद माइक आपल्याकडे घेतला. "आजी भावुक झाल्या आहेत. साहजिक आहे."

"मी भावुक नाही," काकू म्हणाली, पण आता माइकशिवाय. "मी रागावले आहे."

हे पहिल्या रांगेतल्या लोकांनी ऐकलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली रांग वाजवते म्हणून मागच्यांनीही वाजवल्या. काकू टाळ्या संपायची वाट बघत उभी राहिली, पुढे बोलायला. टाळ्या संपल्या तेव्हा कचेरीतल्या बाईंनी तिच्या हातात एक नवंकोरं ब्लँकेट ठेवलं होतं आणि फोटोवाला म्हणत होता, "आजी, जरा खांद्यावर घ्या ना."

"नाही घेत."

"फोटोपुरतं."

"तुझ्या खांद्यावर घालू का? तुलाच कुडकुडायला होतंय."

फोटोवाला खरंच कुडकुडत होता. त्याने कॅमेरा खाली घेतला.

चहाच्या वेळी संचालक स्वतः जवळ आले. "आजी, तुमच्या भावना समजतात. पण पाटी आता कोरून झाली. आणि इतक्या जुन्या गोष्टीत कुणा एकावर ठपका ठेवणं बरं दिसत नाही. तेव्हाची थंडीच तशी होती."

"तुम्ही होतात तेव्हा?"

"नाही, मी तर..."

"मी होते."

"साहेब," पुतणी मध्ये म्हणाली. तिचा आवाज शाळेत मुलांशी बोलतानाचा होता, चढलेला नव्हता. "थंडीने गेली एवढं खोडा. बाकी काही लिहू नका हवं तर. पाटी कोरी ठेवा. ती माझी आई होती."

संचालकांनी मान हलवली. बघू, म्हणाले. बघू म्हणजे काय ते दोघींनाही वयाने शिकवलं होतं.

पाहुणे गेले. खुर्च्या गोळा व्हायला लागल्या. नातेवाईक हळूहळू ऊबखोलीच्या दाराकडे सरकले, आणि पहारेकरी किल्ल्या घेऊन आला.

"आज नाही," तो म्हणाला. "वेळापत्रक लागायचंय. तोवर बंद. नवी खोली आहे, घाण होईल."

काकू दाराकडे गेली. दार आतून बघितलं, बाहेरून बघितलं. आतल्या बाजूला गुळगुळीत मूठ होती, बाकी काही नाही. कुलूप, कडी, सगळं बाहेरून. तिने दारावरून हात फिरवला आणि नुसतंच, "वा," म्हणाली.

मग तिने ते नवं ब्लँकेट उलगडलं. कोपऱ्याला कोपरा जुळवला, परत दुमडलं, परत. थोरली घालायची तशी घडी, इस्त्री केल्यासारखी. ती उंबऱ्यावर, दार मिटतं तिथे ठेवली आणि तिच्यावर बसली. पाठ उघड्या दाराला.

"आजी," पहारेकरी म्हणाला, "मला बोलणी खायला लावू नका."

"कोण बोलेल?"

"साहेब."

"आलेच तर सांग, म्हातारी थंडीने अवघडली, उठता येईना. थंडीचं नाव सांगितलं की तुमच्याकडे सगळं चालतं."

पहारेकऱ्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. किल्ल्या खिशात घालून तो मांडवाकडे बघत उभा राहिला, जणू त्याला दुसरंच काम होतं. काकूने भिंतीकडच्या माणसांना मान हलवून बोलावलं. "आत या. भिंतीकडेने बसा." आधी एक म्हातारी आली, डबा सांभाळत, काकूच्या पायांवरून पाय उचलून. मग इतर. प्रत्येक जण ओलांडून जाताना आतली ऊब काकूच्या पाठीला लागत होती आणि समोरचा वारा तोंडाला.

पुतणी तिच्यासमोर उकिडवी बसली. स्वतःची शाल काढून तिने काकूच्या खांद्यावर घातली, पुढे ओढून गाठ मारली. काकूने हात लावून बघितलं.

"कोरडी आहे," म्हणाली.

"काकू, चल ना घरी. तुलाही काही झालं तर?"

"काही होत नाही. माझ्या अंगावरून कुणी काही काढून घेतलेलं नाही." तिने पुतणीचा हात आपल्या भेगाळ बोटांत धरला. "हे बघ, तुला लिहिता येतं. पाटीवर त्यांचं राहू दे. तू कागदावर लिही. मला चांगली म्हणू नकोस, तिला देवी करू नकोस, मला त्यातलं काही नको. थंडीने गेली एवढं मात्र लिहू नकोस. ब्लँकेट काढून घेतलं आणि कडी बाहेरून होती, असं लिही."

"लिहिते."

"आणि आता ऊठ. त्या सुताराचं दुकान त्याच्या नातवाने चालवायला घेतलंय, पुलाच्या अलीकडे. त्याच्याकडून एक कडी आण, आतून बसणारी. स्क्रूसकट आण, इथले कुणी देणार नाहीत."